मृतांची फारखती : विदर्भातील स्मृतिकाष्ठे आणि स्मृतिशिळा

आमच्या महालातल्या जुन्या घराच्या देव्हाऱ्यात, अन्नपूर्णा व बाळकृष्ण यांच्या मागे, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठविलेले पाच टाक भिंतीला टेकून उभे असत, आणि घट बसण्याच्या आदल्या दिवशी चिंच व रांगोळी लावून ते लख्ख घासण्याचे काम लहानपणी माझ्या वाट्याला येई. त्यांपैकी चौघांची ओळख निर्विवाद होती. पाचवा टाक मात्र घोड्यावर बसलेल्या एका तलवारधारी पुरुषाचा होता, आणि तो खंडोबा की पणजोबांचा ऐन तारुण्यात गेलेला चुलतभाऊ, याविषयी घरात दोन तट होते. आजी म्हणे, ‘तो आपला वीर आहे, त्याचा निवद वेगळा’. आजोबा म्हणत, ‘देवच आहे तो, उगीच काही सांगू नका पोरांना.’ निवद वेगळा निघत असे, एवढे खरे. तो टाक घडविणाऱ्या सोनाराने त्या चुलतभावाचे तोंड कधी पाहिले नसणार, आणि पाहिले असते तरी घोडा, तलवार, टोकदार मिशा व डोक्यामागचे सूर्यचंद्र यांत त्याने यत्किंचितही फेरफार केला नसता; कारण मृताचे रूप टिपून ठेवणे हा त्या वस्तूचा हेतूच नव्हता, तर मृताला घरातील एका ठरलेल्या जागी बसविणे हा होता.

मृतांच्या स्मरणार्थ घडविलेल्या कोरीव वस्तूंचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचे चित्त एक तर मिसर देशाच्या शवपेटिकांकडे धावते किंवा, त्याचे वाचन थोडे अधिक असेल तर, प्रशांत महासागरातील मेलानेशियाच्या बेटांकडे. नागपुराहून एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या मेळघाटाकडे अथवा भामरागडकडे ते सहसा वळत नाही. यात आश्चर्य नाही, कारण मेलानेशियाची काष्ठशिल्पे बर्लिन, बासेल व लंडन येथील काचेच्या कपाटांत झळकली आणि आमची पावसात कुजली. परंतु त्या दूरच्या बेटांचा दृष्टान्त समोर ठेवला असता आपल्या मुलखातील या वस्तूंचा अर्थ अधिक उकलतो, म्हणून या आढाव्याचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे आहे.

पापुआ न्यू गिनी या राष्ट्रात न्यू आयर्लंड नावाचे एक लांबट, चिंचोळे बेट आहे. 1880 नंतरच्या दशकापासून 1914 पर्यंत ते जर्मनांच्या अंमलाखाली होते, व त्या काळात त्याचे नावही त्यांनी बदलून टाकले होते. या बेटाच्या उत्तर भागात मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, एक मोठा समारंभ होतो, त्यास मालागान म्हणतात. आणि त्या समारंभासाठी कोरलेल्या प्रतिमांनाही तेच नाव आहे. मासा पक्ष्याला गिळतो आहे, पक्ष्याने साप धरला आहे, सापाने माणसाला वेढले आहे, अशा एकात एक गुंतलेल्या आकृती, आरपार पोखरलेले लाकूड, त्यावर तांबडा, पांढरा व काळा रंग, आणि डोळ्यांच्या जागी समुद्रातील एका मोठ्या शंखाचे हिरवट चकचकीत झाकण, असे हे काम असते. ज्या वृक्षाचे लाकूड यासाठी बहुधा वापरतात तो आपल्या सातविणीचा सगोत्र आहे. शास्त्रज्ञांनी सातविणीला दिलेल्या नावात विद्यार्थ्याचा निर्देश आहे, कारण तिच्या मऊ लाकडाच्या पाट्यांवर पूर्वी मुले अक्षरे गिरवीत. एकाच कुळातील काष्ठावर एका प्रदेशात धुळाक्षरे गिरवावीत आणि दुसऱ्या प्रदेशात पितर, ही गोष्ट मला उगीचच मनात घोळवीत राहावीशी वाटते.

पण खरा चमत्कार पुढेच आहे. महिनेन् महिने खपून, कोरणाऱ्यास पोसून, डुकरे व कंदमुळे जमवून सिद्ध केलेली ही प्रतिमा प्रकट केली जाते ती अत्यल्प काळासाठी. समारंभ आटोपला की ती जाळतात, रानात कुजत टाकतात, किंवा, गोऱ्या व्यापाऱ्यांचे येणेजाणे सुरू झाल्यानंतर, विकून मोकळे होतात. युरोपच्या संग्रहालयांतील हजारो मालागान याच मार्गाने तेथे गेले. संग्राहकांना वाटले की आपण मौल्यवान ठेवा पदरात पाडून घेतला. विकणाऱ्यांच्या दृष्टीने तो संपलेला व्यवहार होता, आणि निरुपयोगी झालेला कागद परदेशी गृहस्थ पैसे देऊन नेत असेल तर त्यात वावगे काय होते? त्या प्रतिमेचे कार्य मागे उरत असे ते पाहणाऱ्यांच्या स्मरणात, कारण समारंभाच्या वेळी ती आकृती पुन्हा कोरविण्याचा हक्क विधिपूर्वक एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जाई, आणि त्या हक्काशी जमिनीच्या वहिवाटीचे नाते असे. आपल्या जुन्या भाषेत बोलायचे तर प्रतिमा हे वतन नव्हते, वतनाच्या फेरफाराची ती नोंद होती. सुसान क्युक्लर या विदुषीने 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा सर्व पक्ष विस्ताराने मांडला आहे. शेजारच्याच न्यू गिनी बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अस्मत लोक मृतांसाठी झाड उलटे करून त्याचे उंच स्तंभ कोरतात आणि विधी संपताच ते साबुदाण्याच्या ताडवनात नेऊन टाकतात, म्हणजे ते कुजावेत व वनाला बळ यावे.

आता मेळघाट. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी या तालुक्यांत, आणि सीमेपलीकडे बैतूल, खंडवा या भागांत कोरकूंची वस्ती आहे. यांची भाषा मराठी, हिंदी वा गोंडी यांपैकी कोणाच्याही कुळातील नसून मुंडा कुळातील आहे. झारखंडच्या संथाळ व मुंडा लोकांचे हे पश्चिमेकडील अखेरचे भाषाबंधू होत. कोरकू मृताला बहुधा पुरतात. परंतु पुरल्याने प्रकरण मिटत नाही. मृताचा जीव गावाच्या आसपास घुटमळत असतो, त्याला पूर्वजांच्या मेळ्यात पोचते करणे हे मागे राहिलेल्यांचे देणे असते, आणि ते ज्या विधीने फिटते त्यास सिडोली म्हणतात. धान्य, बोकड, मोहाची दारू, दूरदूरच्या सोयऱ्यांचे जेवण, असा मोठा खर्च असल्याने सिडोली काही महिन्यांनी, आणि ऐपत नसेल तर काही वर्षांनी होते. अनेकदा भाऊबंद एकत्र येऊन आपापल्या मृतांची सिडोली एकाच मांडवाखाली उरकतात. अशा वेळी मृताच्या नावे सागाची एक कोरीव फळी किंवा खुंट रोवला जातो. त्याचे नाव मुंडा.

धारणी तालुक्यातील एका गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली, असे सात-आठ मुंडे मी पाहिले ते श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी. सर्वांत ताज्या फळीची उंची माझ्या कमरेएवढी भरली असती. माथ्याशी एका अंगाला सूर्याचे वर्तुळ, दुसऱ्या अंगाला चंद्राची कोर. त्याखाली चौकटीत घोडा व त्यावर स्वार, स्वाराचे दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला दिसत होते. त्याखाली हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची एक रांग. आणि कडेने नुसती नक्षी, जशी आपल्याकडे पाटाच्या कडेला असते. पटाशीचे घाव अजून स्पष्ट होते व कोरीव भागात हळदीचा पिवळेपणा राहिला होता. शेजारच्या फळीवरील घोड्याचे फक्त पाय शिल्लक होते. तिच्या पलीकडची फळी म्हणजे वाळवीच्या मातीने धरून ठेवलेला एक आकार होता. बोट लावले असते तर पडला असता. सोबतच्या वृद्ध कोरकू गृहस्थांना मी विचारले की हे दुरुस्त का करीत नाही. त्यांनी माझ्याकडे किंचित नवलाने पाहिले आणि म्हणाले, ‘तो तर गेला ना आता, साहेब.’

या एका वाक्याने जो उलगडा झाला तो ग्रंथांनी झाला नव्हता. ग्रंथ मात्र आहेत, आणि आढाव्यात त्यांची दखल घेणे प्राप्त आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्यप्रांतातील जातीजमातींचे जे चार खंड सिद्ध केले त्यांत कोरकूंवरील प्रकरणात या विधीचे वर्णन आहे. व्हेरिअर एल्विन यांनी 1951 च्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथात या फळ्यांकडे कलावस्तू म्हणून पाहिले. आणि स्टीफन फुक्स या ऑस्ट्रियन धर्मोपदेशकाने कोरकूंवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रसेलसाहेबांची दृष्टी शिरगणतीच्या अधिकाऱ्याची, तीत सर्व काही आहे आणि ऊब नाही. एल्विनसाहेबांजवळ ऊब ओसंडून वाहते, परंतु त्यांना प्रत्येक वस्तूत ऱ्हास दिसतो. मराठीत लेख झाले, शोधनिबंध झाले. तथापि मुंड्याची गावोगाव फिरून केलेली, कोणाचा, कोणी कोरला, कोणत्या साली रोवला असे टिपून घेणारी सचित्र नोंद एखाद्या ग्रंथाच्या रूपाने घराघरात पोचावी तशी पोचलेली नाही.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड व एटापल्लीच्या अरण्यात, माडिया गोंडांची रीत वेगळी आहे. तेथे स्मारक शिळेचे. डोंगरातून एक लांबट दगड आणतात, वाजतगाजत आणतात, आणि मृताच्या नावे तो उभा करतात. क्वचित आडवी शिळा छोट्या दगडांवर टेकवून ठेवतात. शिळेवर कोरीवकाम नसते. पण त्याच लोकांचे इंद्रावतीपलीकडील, बस्तरातील आप्त, ज्यांना इंग्रज लेखक त्यांच्या नृत्यातील शिंगांच्या शिरोभूषणावरून ओळखीत, ते चौकोनी लाकडी स्तंभ उभारीत व त्यांच्या चारी बाजू कोरीत: हरिण, हत्ती, माथ्यावर बसलेले पक्षी, ढोल वाजविणारे पुरुष, हातात हात घातलेल्या स्त्रिया. पुढे लाकूड मिळेनासे झाल्यावर याची जागा रंगविलेल्या दगडी व सिमेंटच्या फरशांनी घेतली, आणि त्यांवर मोटार, सायकल, विमान हेही आले. यावर नाके मुरडणारे रसिक भेटतात. मला ती तक्रार समजत नाही. कोरकूंच्या फळीवरचा घोडा तरी मेळघाटात किती जणांच्या दारी होता?

या मुलखाविषयी सर्वांत विश्वसनीय लेखन ग्रिगसन यांचे. ते मध्यप्रांताच्या सनदी सेवेतील अधिकारी, 1927 ते 1931 या काळात बस्तर संस्थानाचा कारभार पाहत होते, आणि 1938 साली त्यांचा माडियांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर एल्विन यांनी 1945 साली बस्तरातील अंत्यविधींवर एक दीर्घ निबंध लिहिला. या दोघांच्या लेखनातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते ती अशी, की शिळा कोठेही उभी करून चालत नाही. ती कुळाच्या भूमीत, कुळाच्या इतर शिळांच्या रांगेतच उभी राहिली पाहिजे, मग माणूस मेलेला कितीही दूर असो. कारभारी माणसाच्या नजरेने पाहणाऱ्या ग्रिगसन यांच्या हे बरोबर ध्यानात आले: कोणत्या कुळाचे मूळ गाव कोणते, ते कोठून कोठे सरकले, याचे दफ्तर म्हणजे या शिळांच्या रांगा. पटवाऱ्याचा सातबारा त्या अरण्यात पोचण्यापूर्वी जमिनीचा दाखला पितर देत होते. न्यू आयर्लंडच्या लोकांनी ज्या कामासाठी लाकडातील आकृतीचा हक्क राखला त्याच कामासाठी माडियांनी दगडाचे ठिकाण राखले. उभी केलेली शिळा कालांतराने वाढली तर मृत संतुष्ट आहे, खचली तर नाही, अशीही समजूत या लेखकांनी नोंदविली आहे; पावसाळ्यानंतर शिळेची उंची निरखणारे ते डोळे मनश्चक्षूंपुढे आणावेत.

चंद्रपूरच्या गोंड राजांनी हीच गोष्ट राजवैभवाने केली. अचलेश्वराच्या देवळाजवळील बीरशहाची समाधी, जी राणी हिराईने बांधविली, ती पाहताना दगडी शिळेपासून घुमटापर्यंतचा प्रवास एका दृष्टिक्षेपात घडतो. पण राजांच्या समाध्या सर्वत्र सारख्याच असतात, म्हणून येथे अधिक रेंगाळत नाही.

आता खुद्द नागपुराकडे येऊ. शहराच्या पश्चिमेस काटोल रस्त्याला लागून जुनापाणी येथे, माळावर, काळ्या फत्तरांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत, आणि माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड, भागीमोहारी अशी त्यांची भावंडे जिल्ह्यात जागोजाग विखुरलेली आहेत. ही लोहयुगीन माणसांची स्मशाने होत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील. यांच्याकडे प्रथम लक्ष गेले ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे, जे 1845 पासून नागपुरात होते व ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही येथे आहे. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची ही वर्तुळे पाहून ते एकटेच घोड्यावरून मुक्कामाकडे परतत होते, नाल्याला पूर आला होता. मुक्कामावर घोडा पोचला तो रिकाम्या खोगिराने. हिस्लॉप यांनी आदिवासींविषयी टिपून ठेवलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. ज्या वर्षी हिस्लॉप गेले त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले, ज्याला गाव अजब बंगला म्हणते.

हिस्लॉप यांच्यानंतर रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची काही वर्तुळे उकलली. हे गृहस्थ हुद्द्याने कापसाचे आयुक्त. वऱ्हाडच्या कापसाची गाठोडी मोजता मोजता यांचे लक्ष दगडांकडे गेले, आणि 1879 साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. शास्त्रशुद्ध उत्खनन मात्र स्वातंत्र्यानंतरचे: जुनापाणीस 1961-62 च्या हंगामात बा. के. थापर यांनी, आणि पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी येथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वर्तुळांत जे निघाले त्यात मानवी अस्थी पुष्कळदा अपुऱ्या, तुटक. म्हणजे देह आधी अन्यत्र ठेवून, मग काही काळाने त्यातील थोड्या अस्थी येथे आणल्या असाव्यात, असे अनुमान निघते. सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, इंद्रगोपाचे मणी, तांब्याची झाकणे आणि त्यांच्या माथ्यावर बसविलेले चिमुकले पक्षी. आणि माहुरझरीस घोड्याचे अवशेष, मुखावर तांब्याचा साज चढविलेल्या घोड्याचे. या वर्तुळांच्या काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे कोरलेले आहेत. हेच आमच्या जिल्ह्यातील सर्वांत जुने स्मृतिकोरीव. मी त्यांत बोट फिरवून पाहिले आहे. आतली बाजू गुळगुळीत लागते, आणि पाऊस पडून गेला असेल तर प्रत्येक खळग्यात घोटभर पाणी असते. ते ओळीने का कोरले याविषयी सूर्याच्या दिशेपर्यंत अनेक तर्क आहेत.

येथे एक मोह आवरला पाहिजे. माहुरझरीचा घोडा, मुंड्यावरचा घोडा, माझ्या देव्हाऱ्यातला घोडा. तांब्याच्या झाकणावरचा पक्षी, बस्तरच्या स्तंभावरचा पक्षी. तुटक अस्थींचे दुसरे दफन आणि कोरकूंची सिडोली: एक दोरा घेतला की सगळे मणी ओवून होतात, आणि अडीच हजार वर्षांची अखंड परंपरा हाती आल्याचा आनंद मिळतो. व्याख्यानांतून हा आनंद मी टाळ्यांसह मिळताना पाहिला आहे. परंतु वर्तुळे रचणारे लोक कोणती भाषा बोलत हे सांगणारे एक अक्षरही त्यांच्या मडक्यांवर नाही, आणि कोरकूंचे व माडियांचे पूर्वज त्या काळी कोठे होते हे त्यांच्या कथाही निश्चित सांगत नाहीत. साम्य हा पुरावा नव्हे. साम्य इतकेच सांगते की मृत्यू एकदा घडतो पण मृताला निरोप दोनदा द्यावा लागतो, ही गरज पुष्कळांना पुष्कळ ठिकाणी भासली. आणि दुसऱ्या निरोपाला हातात धरण्याजोगी एखादी वस्तू लागते.

आपणही त्याला अपवाद नाही. अंबाझरीच्या घाटावर ज्या खड्याने मडके फोडतात तो जीवखडा दहा दिवस सांभाळतात, त्याला तिलोदक देतात, त्यात गेलेल्याचा वास मानतात. वडिलांच्या दहाव्याला रामटेकी अंबाळ्याच्या काठावर कावळा शिवेपर्यंत तासभर ताटकळल्यावर भटजींनी तो खडा मागे न पाहता पाण्यात टाकायला सांगितला, तेव्हा दहा दिवस उशाशी जपलेला तो दगड कोठे पडला हे पाहण्याची इच्छा मी मोठ्या कष्टाने दाबली. त्या खड्याला कोणी संग्रहालयात ठेवण्याची सूचना केली असती तर आमच्या घरचे काय म्हणाले असते, हे मुंड्यांच्या जतनाची योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. सावकाराचे कर्ज फिटल्यावर मिळालेली फारखती घरात जपतात हे खरे. पण कर्ज फिटल्याचा आनंद त्या कागदात नसतो. मुंडा ही मृताने जिवंतांना व जिवंतांनी मृताला दिलेली फारखती आहे, आणि ती वाळवीने खाल्ली म्हणजे व्यवहार पुरता मिटला.

याचा अर्थ सर्व काही कुजू द्यावे असा मी करीत नाही. माडियांची शिळा टिकण्यासाठीच उभारलेली असते, तिच्यावरून रस्ता नेणे म्हणजे एखाद्याचे सर्व दफ्तर जाळणे होय. जुनापाणी व टाकळघाट यांच्या वर्तुळांचे तर कोणी वारसच उरले नाहीत, तेव्हा त्यांचे पालकत्व आपल्याकडे येते. बुटीबोरीचे कारखाने टाकळघाटच्या उशाशी आले आहेत, काटोल रस्त्याने नागपूर पश्चिमेस पसरते आहे, आणि घराच्या पायाला काळा फत्तर हवा असणाऱ्याला वर्तुळातला दगड आयताच सापडतो. लाकडाला त्याच्या मरणाने मरू द्यावे, दगडाला त्याच्या जागी राहू द्यावे, असा माझा अभिप्राय आहे. आणि लाकडाचे जे राखायचे ते छायाचित्रात, मापांत व कोरणाऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत राखावे, कारण वाळवीची त्याला हरकत नाही आणि कोरकूंचीही बहुधा नसेल.

मेळघाटात व्याघ्रदर्शनासाठी जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की वाटेत एखाद्या झाडाखाली कोरीव फळ्या दिसल्या तर गाडी अलीकडे उभी करावी, छायाचित्र घ्यायचे असल्यास गावच्या भूमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, आधी विचारावे, आणि पडलेली फळी उचलून पुन्हा उभी करू नये.